शंभर डॉलरची पाटी



दगडी पाटी आणि पेन्सिल यांची ओळख या सभागृहात कोणाला करून द्यावी लागणार नाही. लाकडी चौकटीतील ती काळी पाटी स्वस्त होती, ओल्या फडक्याने पुसली की पुन्हा कोरी होत होती आणि फुटलीच तर आठवडी बाजारातून दुसरी आणता येत होती. तिला वीज लागत नव्हती, दुरुस्ती करणारा कारागीर लागत नव्हता. शिक्षक मात्र लागत होता. जगातील प्रत्येक मुलाच्या हाती अशीच एक पाटी द्यावी, पण ती संगणकाची असावी, असा संकल्प काही मोठ्या माणसांनी केला. त्या संकल्पाचे पुढे काय झाले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

हा विचार अनेकांना वाटतो तितका नवा नाही. १९७२ साली ॲलन के या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राची कल्पना एका निबंधात मांडली. वहीएवढे, हातात धरता येणारे आणि मुलांसाठी असलेले ते यंत्र होते. हिरवळीवर बसून दोन मुले आपापली पाटी घेऊन खेळत आहेत, असे चित्रही त्या निबंधात होते. ज्या काळी संगणकाला स्वतंत्र खोली लागत असे, त्या काळी हे चित्र काढले गेले, हे लक्षात घेतले पाहिजे. के यांच्यावर सेमूर पॅपर्ट यांच्या विचारांचा प्रभाव होता. पॅपर्ट यांनी जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्यासमवेत काम केले होते आणि १९६७ साली सहकाऱ्यांसह मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली होती. संगणकाने मुलाला शिकवावे असे त्यांना वाटत नव्हते. मुलाने संगणकाला शिकवावे आणि ते करता करता स्वतः शिकावे, असे त्यांचे म्हणणे होते.

याच विचाराचा धागा धरून एमआयटीच्या मीडिया लॅबचे एक संस्थापक निकोलस निग्रोपॉन्टी यांनी जानेवारी २००५ मध्ये दावोस येथे शंभर डॉलरच्या लॅपटॉपची घोषणा केली. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’, म्हणजे प्रत्येक मुलास एक संगणक, हे त्या उपक्रमाचे नाव. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युनिस येथे झालेल्या जागतिक परिषदेत संयुक्त राष्ट्रसंघाचे तत्कालीन सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या हस्ते त्याचा नमुना जगापुढे आला. हिरव्या रंगाचे ते छोटे यंत्र, आणि त्याच्या बाजूला पिवळा दांडा. वीज नसलेल्या गावातील मुलाने दांडा फिरवायचा आणि यंत्रात वीज भरायची, अशी योजना होती. अन्नान यांनी दांडा फिरवला तेव्हा तो निखळून आला, असे त्या प्रसंगाचे वर्णन वाचायला मिळते. पुढे प्रत्यक्ष यंत्र बनले तेव्हा त्याला दांडा नव्हताच. फिरवण्याचा ताण यंत्राच्या सांगाड्याला सोसत नाही, हे तोवर कळून चुकले होते. वर्तमानपत्रांतील छायाचित्रांत मात्र तो पिवळा दांडा पुढे कित्येक वर्षे राहिला.

या यंत्राची चेष्टा करणे सोपे आहे. पण ते घडवणाऱ्यांनी किती बारकाईने विचार केला होता, हेही सांगितले पाहिजे. त्या काळच्या लॅपटॉपमध्ये सर्वांत महाग आणि सर्वाधिक वीज खाणारा भाग पडदा असे. मेरी लू जेप्सेन यांनी असा पडदा तयार केला, की मागचा दिवा बंद केला तरी भर उन्हात त्यावरील अक्षरे कृष्णधवल रूपात स्वच्छ वाचता यावीत. झाडाखाली भरणाऱ्या शाळेचा विचार आधी झाला आणि पडदा नंतर घडला. यंत्रात फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, कारण ती पडली की बिघडते. कळफलक रबराच्या एकसंध आवरणाखाली होता, त्यामुळे आत धूळ-पाणी जात नव्हते. वीज इतकी कमी लागे, की मोजक्या काही वॅटवर काम चाले. जवळजवळची यंत्रे परस्परांशी बिनतारी जोडली जात. पाठीवरील चिन्हाच्या रंगांच्या चारशे जोड्या केल्या होत्या, म्हणजे वर्गात आपले यंत्र कोणते हे मुलाला ओळखता यावे. आणि मुठीच्या आत सुटे स्क्रू ठेवलेले होते. एखादा हरवला तर खेड्यात तो कोठून मिळणार, याचा विचार कोणीतरी केला होता.

किमतीने मात्र दगा दिला. नोव्हेंबर २००७ मध्ये मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले तेव्हा किंमत शंभर नव्हे, तर १८८ डॉलरच्या आसपास होती. शंभर डॉलरचे गणित लाखो नगांच्या मागणीवर उभे होते. लिबिया, नायजेरिया, थायलंड या देशांशी बोलणी झाली, पण सरकारे बदलली, मंत्री बदलले आणि त्या मागण्या कागदावरच राहिल्या. बाजारातील मोठ्या कंपन्यांनीही स्वस्त छोटे लॅपटॉप आणले. ती स्पर्धा या उपक्रमाला जड गेली असली तरी सामान्य ग्राहकाला लाभदायक ठरली, हे खरे.

भारताचे या बाबतीतील वर्तन लक्षणीय आहे. स्वस्त संगणकाचा विचार आपल्याकडे आधीच झाला होता. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांनी २००१ साली ‘सिम्प्युटर’ हे हातात मावणारे, स्पर्शाने चालणारे यंत्र पुढे आणले होते. नऊ हजार रुपयांचे उद्दिष्ट होते. कौतुक उदंड झाले, विक्री फारशी झाली नाही. पुढे २००६ साली निग्रोपॉन्टी यांच्या यंत्राचा प्रस्ताव आला तेव्हा केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने तो नाकारला. वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे आणि शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही योजना संशयास्पद आहे, असे तत्कालीन शिक्षण सचिवांचे म्हणणे होते. अनेकांना तेव्हा हा जुनाट दृष्टिकोन वाटला. तरीही २००७ मध्ये एक छोटा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. रायगड जिल्ह्यात कर्जतच्या परिसरातील खैरात येथील एकशिक्षकी शाळेत ही हिरवी-पांढरी यंत्रे आली. मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरील ही वस्ती, आणि तिचे नाव जगभरातील शिक्षणतज्ज्ञांच्या अहवालांत गेले. पण एका शाळेतून राज्याचे धोरण घडत नसते. देशात ही योजना मोठ्या प्रमाणावर कधीच आली नाही.

आली ती दक्षिण अमेरिकेत. पेरू देशाने साडेआठ लाखांच्या आसपास यंत्रे घेतली. इतकी अन्य कोणत्याच देशाने घेतली नाहीत. अँडीज पर्वतातील दुर्गम शाळांपर्यंत ती पोहोचली. पुढे आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या संशोधकांनी ग्रामीण भागातील ३१९ शाळांचा अभ्यास केला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. यंत्रे मिळालेल्या आणि न मिळालेल्या शाळांतील मुलांच्या गणिताच्या व भाषेच्या गुणांत फरक आढळला नाही. आकृतिबंध ओळखण्यासारख्या सामान्य बौद्धिक चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, एवढेच. कारणे शोधू गेल्यास फार खोल जावे लागत नाही. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हते. शिक्षकांना मिळालेले प्रशिक्षण जेमतेम चाळीस तासांचे होते. यंत्र हरवले तर भरपाई कोण करणार, या धास्तीने अनेक ठिकाणी ते मुलांना घरी नेऊ दिले जात नसे. मुलाने ते कायम जवळ बाळगावे या कल्पनेवर सगळी योजना उभी होती, आणि ते शाळेच्या कुलपात राहिले. शिक्षकाला दोष देण्याचे कारण नाही. ज्याच्या तुटपुंज्या पगारातून नुकसान वसूल होण्याची शक्यता असते, तो कुलूप लावणारच.

याच खंडातील उरुग्वे या चिमुकल्या देशाची कथा वेगळी आहे. लोकसंख्या जेमतेम चौतीस लाख; आपल्याकडील एखाद्या जिल्ह्याएवढी. अध्यक्ष ताबारे वास्केस यांनी २००६ च्या अखेरीस योजना जाहीर केली आणि मे २००७ मध्ये व्हिया कार्दाल या लहानशा गावातील शाळेत पहिली यंत्रे वाटली गेली. ऑक्टोबर २००९ पर्यंत देशातील सरकारी प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाकडे, म्हणजे सुमारे ३ लाख ६२ हजार मुलांकडे, आणि १८ हजार शिक्षकांकडे संगणक पोहोचला होता. योजनेचे नाव ‘प्लान सेइबाल’. ते एका लांबलचक स्पॅनिश नावाचे संक्षिप्त रूप असले तरी त्यात ‘सेइबो’ या त्यांच्या राष्ट्रीय फुलाची आठवण आहे. हे झाड म्हणजे आपल्या पांगाऱ्याचे भावंड. तशीच लालभडक फुले.

या योजनेचा हिशेब नीट पाहण्यासारखा आहे. दर मुलामागे सुमारे २६० डॉलर खर्च आला. त्यात यंत्र दोनशे डॉलरच्या आतबाहेर. उरलेल्या रकमेत दुरुस्ती, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि इंटरनेटची जोडणी. त्यापुढे देखभालीसाठी दर मुलामागे दर वर्षी २१ डॉलर लागतील, असा अंदाज होता. एकूण खर्च शिक्षणाच्या अंदाजपत्रकाच्या पाच टक्क्यांच्या आत बसला. जगभर चर्चा झाली ती शंभर डॉलरची. या साठ आणि एकवीस डॉलरची चर्चा फारशी कोणी केली नाही. पण पेरू आणि उरुग्वे यांच्यातील अंतर त्याच आकड्यांत आहे. हजारो यंत्रे इथेही बिघडली. मुलांच्याच हातातील वस्तू ती. पडदे फुटले, कळा उखडल्या. तेव्हा दुरुस्तीची व्यवस्था गावांपर्यंत नेण्यात आली, विद्यापीठाचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून वस्त्यांत जाऊ लागले.

गुणांच्या कसोटीवर मात्र उरुग्वेतही पहिल्या काही वर्षांत फारसा लाभ दिसला नाही. २०१४ मधील एका अभ्यासाने गणित आणि वाचन या दोन्हींत परिणाम शून्याच्या जवळपास असल्याचे दाखवले. पण एव्हाना त्या देशाकडे एक जाळे तयार झाले होते आणि त्याचा निराळा उपयोग सुचला. प्राथमिक शाळांत इंग्रजी शिकवणारे पुरेसे शिक्षक नव्हते. २०१२ पासून दूरच्या शहरांतील, अगदी अर्जेंटिना आणि फिलिपाइन्समधीलही शिक्षक पडद्यावरून वर्ग घेऊ लागले, आणि वर्गातील मूळच्या शिक्षिका मुलांबरोबर बसून तो पाठ पुढे चालवू लागल्या. २०२० मध्ये महामारीने शाळा बंद झाल्या तेव्हा हे जाळे देशाच्या हाताशी होते. पुढे लहान वर्गांसाठी लॅपटॉपच्या जागी टॅब्लेट आले.

टॅब्लेट स्वस्त होण्यामागे शिक्षणतज्ज्ञांचा वाटा कमी, मोबाइल फोनचा अधिक. फोनसाठी कोट्यवधींच्या संख्येने बनणाऱ्या चिप आणि पडदे हाताशी आले, अँड्रॉइड प्रणाली विनामूल्य मिळाली, आणि जे निग्रोपॉन्टी यांना साधले नाही ते बाजाराने साधले. भारताने या संधीचा फायदा घेण्याचे ठरवले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’चे उद्घाटन केले. सरकारला तो २,२७६ रुपयांना पडला. पडदा सात इंचांचा, पण दाबल्याशिवाय न ओळखणारा. प्रोसेसर ३६६ मेगाहर्ट्झचा. बॅटरी लवकर दम टाकणारी. विद्यार्थी नाराज झाले. पुढे हे काम पवईच्या आयआयटी मुंबईकडे आले. प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली यंत्राची वैशिष्ट्ये सुधारली गेली आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश २’ आला. वेग जवळजवळ तिप्पट, पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा, आणि किंमत २,२६३ रुपये. एक लाख यंत्रांची ही खरेदी प्रामुख्याने अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी होती. प्राथमिक शाळेतील मुलाच्या हाती ‘आकाश’ क्वचितच गेला. सरकार बदलल्यावर योजना मागे पडली. स्वस्त यंत्र बनवणे शक्य आहे, एवढे मात्र सिद्ध झाले होते.

त्याच २०१२ साली निग्रोपॉन्टी यांच्या संस्थेने इथिओपियातील दोन गावांत टॅब्लेटचे बंद खोके मुलांजवळ ठेवून दिले. शाळा नाही, शिक्षक नाही, सूचना नाहीत. मुलांनी काही मिनिटांत यंत्र सुरू केले, काही आठवड्यांत इंग्रजी मुळाक्षरांची गाणी म्हणू लागली आणि काही महिन्यांत बंद केलेला कॅमेराही सुरू केला, असे त्यांनी सांगितले. मुलांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ती सर्वत्र तल्लखच असतात. पण गाणे म्हणता येणे आणि पान वाचता येणे यांतील अंतर बालवाडीच्या कोणत्याही ताई सांगू शकतील. शिक्षकाविना शाळा हे स्वप्न ज्यांना स्वस्त वाटते, त्यांनी त्याची किंमत मुलांच्या बाजूने मोजलेली नसते.

अधिक काटेकोर प्रयोग टांझानियात झाला. तेथील टांगा प्रदेशातील सुमारे १७० गावांत २७०० च्या आसपास मुलांना टॅब्लेट देण्यात आले. ही जागतिक स्पर्धा होती. पाच गटांनी स्वाहिली भाषेत वाचन, लेखन आणि अंकगणित शिकवणाऱ्या प्रणाली तयार केल्या होत्या, त्यांत बंगळूरचाही एक गट होता. यातील ७४ टक्के मुले कधी शाळेत गेलेली नव्हती आणि ९० टक्क्यांहून अधिक मुलांना स्वाहिलीतील एक शब्दही वाचता येत नव्हता. पंधरा महिन्यांनंतर एकही शब्द न वाचता येणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. २०१९ मध्ये दोन गटांना पारितोषिक विभागून मिळाले. स्पर्धेच्या अटीनुसार सर्व प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरण्यास खुल्या झाल्या. यश खरे आहे. निम्मी मुले तरीही तेथेच राहिली, हेही खरे आहे. आणि यंत्रांइतकेच श्रम सौरऊर्जेची केंद्रे उभारण्यात व मातृभाषेतील पाठ घडवण्यात खर्ची पडले होते.

त्या दोन विजेत्यांपैकी एका गटाची प्रणाली मलावी देशात चिचेवा भाषेत आधीपासून वापरात होती. तेथील चाचण्यांत वाचन आणि गणित या दोन्हींत मुलांची प्रगती दिसली, आणि सरकारने ती देशातील सरकारी प्राथमिक शाळांत पहिली ते चौथीच्या वर्गांपर्यंत नेण्याचे ठरवले. प्रत्येक मुलाला एक यंत्र, ही जुनी प्रतिज्ञा तेथे सोडून देण्यात आली आहे. टॅब्लेट शाळेचे असतात. छपरावरील सौरपट्ट्यांवर ते भरले जातात, शिक्षकाच्या देखरेखीखाली एक तुकडी येते, अर्ध्या-पाऊण तासाचा आपला पाठ करते आणि उठते. मग तोच टॅब्लेट पुढच्या तुकडीतील मुलाच्या हाती जातो, आणि तो मूल जेथपर्यंत पोहोचले होते तेथून त्याला पुढे नेतो. संध्याकाळी मोजदाद होते, यंत्रे कपाटात जातात आणि किल्ली शिक्षकाकडे राहते.