संख्याशास्त्राचा पेपर: गुण कुठे मिळतात?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी.च्या २०१९ पॅटर्नमध्ये संख्याशास्त्राचा दोन श्रेयांकांचा पेपर ५० गुणांचा होता. त्यातले १५ गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, ३५ विद्यापीठ परीक्षेचे. दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के लागत, म्हणजे किमान ६ आणि १४. अशी अट असेल, तर अंतर्गत गुणांसाठीची कॉलेजातली चाचणी बुडवू नका.

परीक्षेत कॅल्क्युलेटर आणि सांख्यिकीय तक्ते वापरायला परवानगी असते. पण आकडेमोडीच्या घाईत पायऱ्या गाळू नका. काय-स्क्वेअर चाचणी असेल, तर आधी शून्य परिकल्पना मांडा, डिग्रीज ऑफ फ्रीडम लिहा, काढलेली किंमत तक्त्यातल्या किमतीशी ताडून पाहा आणि निष्कर्ष साध्या वाक्यात नोंदवा. आलेल्या आकड्याचा अर्थ सांगता आला, तरच विषय समजला असं म्हणता येईल.