गुंठाभर परसबाग
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. पस्तीस वर्षं बँकेत काढलेला माणूस वेळ आणि शिल्लक दोन्ही बघून खर्च करतो, तेव्हा काळजी नसावी. विषय एकच आहे, 'बी' विंगच्या मागची पट्टी.

आपण इथे राहायला आलो तेव्हा वाघोली ग्रामपंचायतीत होती. ३० जून २०२१ रोजी ती पुणे महापालिकेत गेली. आजूबाजूची रानं गेली, इमारती आल्या. नगर रस्त्याबद्दल मी काही बोलत नाही, तो तुम्ही रोज भोगताच. या सगळ्यात सोसायटीची एकच जागा जशीच्या तशी राहिली, ती ही पट्टी. चाळीस फूट बाय तीस फूट, म्हणजे गुंठ्याला थोडी जास्तच. बांधकामाचा राडारोडा, फुटक्या फरश्या आणि पुरुषभर गाजरगवत. चार वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेच्या परवानगीने ती मी हाती घेतली, तेव्हा वय एकाहत्तर आणि शेतीचा अनुभव शून्य. पीककर्जाचे अर्ज मात्र शेकड्याने तपासलेले. सातबारा वाचता येत होता, जमीन वाचता येत नव्हती.

जमीन वाचायला शिकवलं ते आपल्या रखवालदार मामांनी आणि चार घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींनी. दोघंही मराठवाड्यातले. पाऊस रुसला म्हणून गाव सोडून आलेले. मामा पहिल्याच दिवशी म्हणाले, "साहेब, आधी गवत काढा, पण फुलावर यायच्या आत. नाहीतर बी सांडंल आणि पुढच्या साली दुप्पट येईल." हे गाजरगवत, ज्याला आपण काँग्रेस गवत म्हणतो, त्याची भारतातली पहिली नोंद १९५५ च्या सुमारास आपल्या पुण्यातच झाली. म्हणजे आपला आणि त्याचा जुना शेजार. त्याने अंगाला खाज सुटते, दम्याचा त्रास वाढतो. म्हणून हातमोजे घालून, नाकाला रुमाल बांधून, पावसाने जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं. दोन पावसाळे आम्ही तेच केलं.

खाली माती अशी नव्हतीच, नुसता मुरूम. वाघोलीच्या दगडखाणी ज्यांनी पाहिल्यात त्यांना याचं नवल वाटणार नाही. मग माती विकत आणायची की तयार करायची? इथे दोन मराठी माणसांचा उल्लेख केलाच पाहिजे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर मुळात गणिताचे प्राध्यापक. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि दहा गुंठ्यांत पाच माणसांचं कुटुंब नीट जगू शकतं, हे हिशेब मांडून सांगितलं. दुसरे पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे, ज्यांना सगळे 'नाडेपकाका' म्हणत. त्यांचं खताचं टाकं म्हणजे दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, विटांच्या भिंतींना हवेसाठी भोकं ठेवलेलं. काडीकचरा, शेणकाला आणि मातीचे थर दिले की तीन-चार महिन्यांत खत तयार. आपण त्याच धर्तीवर निम्म्या आकाराची दोन टाकी बांधली. एक भरत असतं तेव्हा दुसरं मुरत असतं. ओल्या कचऱ्यावर दर वेळी वाळका पाला टाकायचा, एवढं पथ्य पाळलं की वास येत नाही. शेण गावातल्या गोठ्यातून येतं.

पाण्याचा प्रश्न मोठा. उन्हाळ्यात आपण टँकरवर असतो आणि टँकरचं पाणी झाडांना घालायला माझाही जीव धजावत नाही. म्हणून वाफ्यांवर पाल्यापाचोळ्याचं चार बोटं आच्छादन, वेलांच्या बुडाशी पुरलेली मडकी आणि भाज्या धुतलेलं पाणी. मावशी रोज दोन बादल्या साठवून ठेवतात. एप्रिल-मेमध्ये फक्त शेवगा, कढीपत्ता आणि अळू जगवायचं, बाकी वाफे मोकळे सोडायचे. मृगाचा पाऊस पडला की भोपळा, दोडका, घेवडा. दिवाळीनंतर मेथी, पालक, कोथिंबीर, वांगी. नवशिक्याने सुरुवात मेथीपासून करावी, महिन्याभरात जुडी हातात येते आणि हुरूप वाढतो. वालावर मावा पडला तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे दहा लिटर पाण्याला अर्धा किलो निंबोळीची पूड, रात्रभर भिजवून, गाळून फवारायची.

आता मुद्द्यावर येतो. येत्या सर्वसाधारण सभेत ही पट्टी काँक्रीट करून सहा गाड्यांचं पार्किंग करावं असा ठराव आहे. ज्यांनी तो मांडला त्यांची अडचण खरी आहे. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या मुलामुलींना गाडी गेटबाहेर लावावी लागते, हे मी बाल्कनीतून पाहतो. म्हणून मी "बाग वाचवा" असं नुसतं ओरडणार नाही. कर्जाच्या प्रस्तावासारखा विचार करू. पार्किंग केलं तर सोय सहा घरांची, आणि ती लगेच. बाग ठेवली तर भाजी थोडी, पण घराघरांतला ओला कचरा तिथेच जिरतो, पावसाचं पाणी मुरतं, आणि जेमतेम बोलणारी माणसं मेथीच्या जुडीच्या निमित्ताने एकमेकांची दारं वाजवतात. शिवाय काँक्रीट एकदा पडलं की चार वर्षांची माती परत मिळत नाही.

तरीही एका म्हाताऱ्याचा छंद म्हणून ही जागा ठेवू नका. माझे गुडघे आता उकिडवं बसू देत नाहीत. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर लोकांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी टाकली. तिथला नेहमीचा तुकडा साधारण अडीच गुंठ्यांचा. आपल्याकडे एकच गुंठा, तर त्याचे बारा वाफे करू. चिठ्ठ्या टाकून अकरा घरांना वर्षभरासाठी देऊ. वार्षिक भाडं नाममात्र, सलग दोन महिने वाफा पडीक राहिला तर तो पुढच्या घराला. एक वाफा मामा आणि मावशींचा, बिनभाड्याचा, कारण आपले गुरू तेच. आणि वर्षाअखेर बारापैकी आठ वाफे हिरवे नसतील, तर पार्किंगच्या ठरावाला पहिला हात माझा वर असेल. गाड्यांसाठी तोवर पुढच्या अंगणातल्या जागेची नव्याने आखणी करून पाहू. मी टेप घेऊन मोजलं आहे, नीट रेघा मारल्या तर तीन गाड्या वाढतात. नकाशा कार्यालयात ठेवला आहे, जरूर बघा.

नावं द्यायची वही बाहेर चहाच्या टेबलावर आहे. खुरपं माझ्याकडे आहे, मेथीचं बी मी देतो. तुमचा फक्त रविवारचा एक तास हवा.