सातबारा गेला, फेरफार राहिला

(उन्हाळी व्याख्यानमालेतील चौथे पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकित.)

अध्यक्ष महोदय, नगरवाचनालयाचे पदाधिकारी, आणि पंख्याखालची खुर्ची मिळावी म्हणून साडेपाचपासून येऊन बसलेले श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय छापलाय तो असा : 'सॉफ्टवेअरचे परदेशी काम : काल, आज आणि उद्या'. हा मी दिलेला नाही. कार्यवाहांनी फोनवर विचारलं, 'बाई, विषय काय टाकू?' मी म्हटलं, 'फेरफार.' ते म्हणाले, 'नको. लोकांना वाटेल तहसील कचेरीतून कुणी येतंय. हॉल भरेल, पण सगळे अर्ज घेऊन येतील.' (हशा) तेव्हा पत्रिकेवर त्यांचा विषय आणि व्यासपीठावर माझा, अशी तडजोड झालेली आहे. त्यातलाही 'उद्या' मला ठाऊक नाही, तो मी सुरुवातीलाच वजा करते.

माझे वडील याच तालुक्यात तलाठी होते. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी तरी त्यांना 'भाऊसाहेब' म्हणून हाक मारलेली आहे, मला चेहऱ्यांवरून कळतंय. मी मात्र शिकून पुण्याला गेले आणि तीस-बत्तीस वर्षं अमेरिकेतल्या कंपन्यांचे प्रोग्राम दुरुस्त करत बसले. वडिलांना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा मात्र त्यांनी ते माझ्यापेक्षा नीट ओळखलं, तिकडे मी येणारच आहे.

काल म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. टीसीएस 1968ची. इन्फोसिस 1981मध्ये पुण्यात निघाली, सुधाबाईंचे दहा हजार रुपये, मग 1983मध्ये मुक्काम बंगळूरला. ही गोष्ट आता सत्यनारायणाच्या पोथीइतकी पाठ झालीय, तेव्हा प्रसाद घेऊन पुढे जाऊ. हे काम परदेशातून इकडे आलंच का, याचं उत्तरही तुम्ही देणार : स्वस्त म्हणून. बरोबर आहे. सत्तरच्या दशकात आपल्याकडे संगणक आणायचा तर सरकार म्हणायचं, आधी सॉफ्टवेअर निर्यात करून परकीय चलन कमावून दाखवा. त्या धडपडीत 1974च्या सुमाराला टीसीएसनं अमेरिकेतल्या बरोज कंपनीचं काम घेतलं. स्वस्ताई, सक्ती, इंग्रजी, घड्याळातलं अंतर, ही सगळी कारणं खरी. फक्त त्यांच्यावर बोलायला मला कंटाळा येतो.

मला आवडते ती दुसरी गोष्ट. सत्तरच्या दशकाची सुरुवात. एमआयटीत शिकलेले नरेंद्र पटणी आणि त्यांच्या पत्नी पूनम अमेरिकेत केंब्रिजला एका फ्लॅटमध्ये राहत होते. काम भारतात पाठवून करून घेता येईल का, असं त्यांच्या डोक्यात आलं. मग त्यांनी घरातच प्रयोग केला. एक खोली अमेरिका, दुसरी खोली भारत. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलायचं नाही, जे सांगायचं ते लिहून. नवरा-बायको एका घरात आणि बोलणं फक्त चिठ्ठीतून! (हशा) आपल्याकडे हा प्रयोग बऱ्याच घरांत चालू असतो, पण त्यातून कंपनी निघत नाही. त्यांच्यातून निघाली, आणि पुढे इन्फोसिसचे सातही संस्थापक त्या पटणी कंपनीतूनच बाहेर पडले.

प्रयोग यशस्वी झाला, म्हणजे चिठ्ठीवर काम होतं हे सिद्ध झालं. पण चिठ्ठीत काय मावतं? 'हे असं कर' एवढं मावतं. 'असं का', हे त्या दुसऱ्या खोलीतल्या माणसाच्या डोक्यात राहतं. सातबाऱ्यावर काय असतं? जमीन कुणाची, किती, पीक कोणतं. ती तशी का झाली, म्हणजे भावानं हक्कसोड केली, की बँकेचा बोजा चढला, की वारसनोंद झाली, ते गाव नमुना सहामध्ये, फेरफाराच्या नोंदवहीत. सातबाऱ्यावर नुसता फेरफाराचा नंबर असतो, गोल करून. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, सातबारा कुणीही वाचेल, तलाठ्याची परीक्षा फेरफारात.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी रात्री साडेआठपर्यंत वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगणार आहे : अमेरिकेनं आपल्याकडे सातबारे पाठवले, फेरफार पाठवलेच नाहीत. पाठवणार कुठून, त्यांनी ते लिहिलेच नव्हते.

आता एक प्रसंग सांगते, पाच मिनिटांत.

1998 साल. दोन हजार सालाची ती लगबग आठवतेय ना, 'वाय-टू-के'? जुन्या प्रोग्राममध्ये वर्ष दोनच आकड्यांत लिहिलेलं. कारण मुळात सगळं ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डावर बसवायचं होतं, तिथे '19' लिहिण्याची चैन कोण करणार? आम्ही पुण्यात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर बारा जण, अमेरिकेतल्या मध्यपश्चिम भागातल्या एका आयुर्विमा कंपनीचे कोबॉल प्रोग्राम तपासत होतो. छापील कागदांचे गठ्ठे, हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे. हातात लाल पेन. जिथे तारीख दिसेल तिथे खूण.

एका प्रोग्राममध्ये मला एक अट सापडली. जन्मवर्ष '00' असेल तर वय 65 धरावं. बस. आणि तिच्या वर एक शेरा : 'हात लावू नये. एम.ला विचारावे. 1974.'

मी आमच्या टीम लीडरला दाखवलं. तो म्हणाला, काढून टाक, कचरा आहे. त्याचंही चूक नव्हतं. 2000 साली जन्मलेल्या बाळाची पॉलिसी कुणी काढली असती तर ते बाळ पाळण्यात पासष्ट वर्षांचं झालं असतं. (हशा) सगळ्या जन्मवर्षांपुढे '19' लावायचं असं ठरलं होतं, तसं लावलं आणि चाचणी घेतली. अकरा पॉलिसीधारक एका रात्रीत अठ्ठ्याण्णव वर्षांचे झाले! शंभरी गाठली की ती पॉलिसी पुरी व्हायची आणि कंपनीनं चेक फाडायचा, असा नियम. म्हणजे दोन वर्षांत अकरा चेक.

मग 'एम.'चा शोध. तिकडच्या मॅनेजरला पत्ता नाही. त्याच्या मॅनेजरला नाही. शेवटी तिथल्या टेलिफोन ऑपरेटर बाईंना माहीत! एम. निवृत्त झाल्या होत्या, गावातच राहत होत्या. कॉल ठरला. डिसेंबर होता, तिकडे घड्याळं मागे केलेली, म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ तेव्हा त्यांचे सकाळचे नऊ. आम्ही स्पीकरफोनभोवती बसलो. पलीकडून म्हातारा, खणखणीत आवाज.

त्या म्हणाल्या, आमच्या कंपनीनं एक बारकी विमा कंपनी विकत घेतली होती. तिच्या वहीत चाळीसेक शेतकरी होते, युरोपातून लहानपणी आलेले, जन्माची नोंद कुठेच नाही. वहीत तो रकाना कोरा. पण कार्डावर कोरं चालत नाही, आकडा पाहिजे. म्हणून आम्ही शून्य-शून्य टाकलं. आणि साहेबांशी बोलून ठरवलं, यांना कायम पासष्टचं धरायचं, हप्ता वाढवायचा नाही.

मी विचारलं, हे कुठे लिहिलंय का?

त्या म्हणाल्या, 'लिहायला कार्डावर जागा नव्हती.'

मग त्यांनी त्या अकरा जणांची नावं विचारली. मी वाचत गेले. सहाव्या-सातव्या नावाला त्या मध्येच थांबवून म्हणाल्या, 'ती अजून आहे?' आणि जरा वेळ फोनवर कुणीच बोललं नाही.

(पाण्याचा ग्लास द्या हो कुणीतरी. उकडतंय, दुसरं काही नाही.)

अट आम्ही ठेवली, पॉलिसी नंबर घालून, फक्त त्या अकरांपुरती. वर मी सहा ओळींचा शेरा लिहिला : कोण, कधी, का. टीम लीडर चिडला. 'शेऱ्याचे पैसे क्लायंट देत नाही.' त्या सुट्टीत घरी आले आणि अण्णांना हे सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, 'म्हणजे तू फेरफार धरलास.' माझ्या कामाला मिळालेलं तेवढं एकच प्रमाणपत्र मी जपून ठेवलंय.

अध्यक्ष घड्याळाकडे बघतायत. पाच मिनिटांचे वीस झाले, मान्य. पण अर्धीच गोष्ट झालीय. पुढे 2009 साली त्या कंपनीनं आमचं काम काढून दुसऱ्या कंपनीला दिलं. काम सोडताना नव्या माणसांना सगळं समजावून द्यायचं असतं, त्याला आमच्यात 'केटी' म्हणतात, नॉलेज ट्रान्सफर. इथल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना केटी म्हणजे राहिलेला विषय. (हशा, टाळ्या) दोन्ही अर्थ एकच आहेत, मी सांगते! चौदा वर्षांचं ज्ञान पंधरा दिवसांत. नव्या कंपनीचा एक पोरगा, हुशार, विदर्भातला, मला म्हणाला, 'मॅडम, ही अकरा नंबरांची अट कशाला आहे?' मी म्हटलं, वरचा शेरा वाच. तो म्हणाला, 'वर काहीच नाहीये.' बघितलं तर खरंच नव्हतं. मधे प्रोग्राम नव्या यंत्रावर हलवताना कुणीतरी साफसफाईचं टूल चालवलेलं, शेरे सगळे उडाले. म्हणजे आता 'एम.' मी झाले होते.

एक चिठ्ठी आलीय. 'तुम्ही लोक सायबर कुली होतात, हे मान्य करणार का?' सही नाही. बरं. हा शब्द मी पंचवीस वर्षं ऐकतेय, आणि दर वेळी ऐकवणाऱ्याचा मुलगा हिंजवडीत असतो. (हशा) अण्णांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनी लिहिल्या. स्वतःच्या नावावर गुंठा नव्हता. त्यांना कुणी कुली म्हणाल्याचं मला आठवत नाही, कारण बांधावर भांडण लागलं की दोन्हीकडचे लोक रात्री आमच्याच दारात यायचे. दुसऱ्याचं काम केल्यानं कमीपणा येत नाही. काम कशासाठी आहे हे न विचारता केलं तर येतो, आणि आमच्यातल्या पुष्कळांनी तसं केलं. हेही मान्य करते.

आणखी एक मान्य करते, जे आमच्या धंद्यात उघड बोलत नाहीत. तलाठी लबाड असू शकतो. काही ठिकाणी आम्ही फेरफार मुद्दाम डोक्यातच ठेवला, म्हणजे क्लायंटला दुसरीकडे जाता येऊ नये. लिहून दिलं तर आपली गरज संपेल, हा हिशेब. गावातलं सगळं मलाच ठाऊक, म्हणून मीच मोठा.

आणि देणाऱ्यांचं काय झालं? 1989मध्ये ईस्टमन कोडॅकनं आपलं संगणकाचं काम आयबीएमकडे सोपवलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, कोडॅकसारखी कंपनी करते तर आपण का नको. लाट आली. 2012मध्ये जनरल मोटर्सनं उलटं जाहीर केलं : आमचं नव्वद टक्के काम बाहेर आहे, ते आता नव्वद टक्के घरात आणायचं. आज पुण्यात बघा, परदेशी कंपन्या ठेकेदार बाजूला ठेवून स्वतःचीच ऑफिसं थाटतायत. लोक तेच, रस्त्यावरची कोंडी तीच, फक्त गळ्यातल्या पट्ट्यावरचं नाव बदललं. याचं कारण लोक पगारात शोधतात. मला विचाराल तर त्यांना दप्तर परत हवंय.

तरुण मंडळी मागे कुजबुजतायत, 'बाई, आता गिट आहे, प्रत्येक बदलाची नोंद होते.' होते ना. मी वाचलेल्या आहेत त्या नोंदी. 'बदल केला.' 'पुन्हा बदल केला.' 'फायनल.' 'फायनल दोन.' (मोठा हशा) अण्णांनी फेरफाराला असं लिहिलं असतं तर सर्कल साहेबांनी नोंद नामंजूर करून वही अंगावर फेकली असती.

दुसरी चिठ्ठी : कृत्रिम बुद्धिमत्ता आली, मुलांच्या नोकऱ्यांचं काय? तिसरी : 2025च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलर लावले, मुलाला पाठवावं का? तिसऱ्याचं उत्तर मुलाला विचारा, मला नको. दुसऱ्याचं एका वाक्यात : ते यंत्र सातबारा माझ्यापेक्षा झरझर वाचतं, पण '00' म्हणजे पासष्ट का, हे कुठे लिहिलेलंच नसेल तर ते अंदाज करणार, आणि तो फार ठामपणे सांगणार. आमच्या टीम लीडरसारखा. यावर तासभर बोलता येईल, पण कार्यवाह उठून उभे राहिलेत.

दोन मिनिटं. फक्त दोन.

या गावातून नव्वदीपासून पुण्यामुंबईला, बंगळूरला, अमेरिकेला सॉफ्टवेअरच्या कामाला गेलेली माणसं थोडी नाहीत. त्यातले काही आता निवृत्त होऊन इथेच परत आलेत. तिघं या हॉलमध्ये बसलेत आणि माझी नजर चुकवतायत. त्यांच्या कपाटांत रोजच्या वह्या आहेत, डायऱ्या आहेत. ग्रंथपाल बाईंशी मी बोलले आहे, त्या एक कपाट रिकामं करून देणार आहेत. कंपनीचा कागद नको, कुणाचा प्रोग्राम नको, नाहीतर मला आणि त्यांना दोघींना नोटीस येईल. तुम्ही काय ठरवलंत आणि का ठरवलंत, एवढंच. वही नसेल तर आता लिहा, दोन पानं चालतील, मराठीत चालतील. माझ्या सात वह्या मी आज दुपारीच दिल्यात. ती अकरा नंबरांची अट चौथ्या वहीत आहे.

वाचनालय सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी पाच ते आठ उघडं असतं. सोमवारी बंद.