ट्यूमरमधला डीएनए मोजायचा कसा?

आज जरा आमच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये चला.

कॅन्सरच्या पेशीत डीएनए जास्त म्हणजे आजार वाईट, असंच वाटतं ना? मलाही वाटायचं. पण न्यूरोब्लास्टोमा हा लहान मुलांचा ट्यूमर, बहुतेकदा किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत सुरू होणारा, इथे उलटा निघतो. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सेंट ज्यूड हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की तान्ह्या बाळांच्या ट्यूमरमध्ये डीएनए नेहमीपेक्षा जास्त असेल तर केमोला चांगला प्रतिसाद मिळतो. नेहमीइतकाच असेल, तर काळजी जास्त. म्हणजे या आकड्यावरून बाळाला किती कडक औषध द्यायचं, हे काही अंशी ठरतं.

आकड्याचं नाव डीएनए इंडेक्स. निरोगी पेशीचा १. गुणसूत्रं ४६ ऐवजी ६९ च्या आसपास असतील, तर साधारण १.५.

मोजायचा कसा? फ्लो सायटोमेट्रीत पेशी सुट्या करतात, डीएनएला चिकटणारा चमकणारा रंग देतात आणि एकेक पेशी लेझरसमोरून सोडतात. काही मिनिटांत हजारो पेशी! ग्राफवर पीक येतं (शेतातलं नव्हे, टोक). पण पेशी कुणाची, हे मशीनला दिसत नाही. ट्यूमरच्या तुकड्यात लिम्फोसाइट असतात, आधार देणाऱ्या साध्या पेशी असतात. त्याच जास्त आल्या तर ट्यूमरचं पीक झाकलं जातं, रिपोर्टमध्ये ‘१’ येतो, आणि बाळाला गरजेपेक्षा कडक केमो मिळू शकते.

इमेज सायटोमेट्री संथ. स्लाइडवर फॉयल्गन स्टेन करायचा, मायक्रोस्कोपखाली ट्यूमरचीच केंद्रकं निवडायची आणि रंग किती गडद, ते कॅमेऱ्याने मोजायचं. शेजारचे लिम्फोसाइट तुलनेला आयतेच मिळतात. पण मोजून होतात दोन-तीनशे पेशी, आणि निवड माणसाची. शिवाय पातळ काप घेतला तर केंद्रकच कापलं जातं, डीएनए कमी भरतो. म्हणून ताजा तुकडा स्लाइडवर नुसता टेकवून घेतलेला ठसा मला जास्त आवडतो. त्यात केंद्रकं अख्खी येतात.

माझी पद्धत सांगू? फ्लोवर दोन वेगळी पीकं दिसली की मी निवांत. एकच दिसलं, की सही करण्याआधी स्लाइड मागवते. आणि नमुन्यात ट्यूमरच्या पेशी किती टक्के होत्या, हे आकड्याशेजारी लिहायलाच लावते. यावरून लॅबमध्ये माझी थट्टा होते, होऊ दे.

अर्थात एकट्या इंडेक्सवर काही ठरत नाही. एमवायसीएन जनुकाच्या प्रती वाढल्या असतील, तर सगळं गणितच बदलतं. ते पुढच्या भागात.