उतारवय आणि वस्तुसंग्रह

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



उतारवयात वस्तूंचा संग्रह वाढला म्हणजे सुखही वाढते काय, या विषयावर बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आज्ञा प्रेमाची असली तरी विषय आम्हां त्वष्टा कासारांस अडचणीचा आहे. पेशवाईत कोकणातून पुण्यास येऊन तांबट आळीत ज्यांनी ऐरण मांडली, त्या आमच्या पूर्वजांचा चरितार्थ लोकांच्या संग्रहबुद्धीवरच चालला. हंडे, घागरी, बंब, घंगाळी लोकांनी घेतलीच नसती, तर मठारकामाची ही विद्या कोणी जोपासली असती? तेव्हा अपरिग्रहाचा उपदेश आमच्या तोंडी फारसा शोभत नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करतो.

तथापि घरातच घडलेली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या मातोश्री निवर्तल्यानंतर माळा रिकामा केला, तेव्हा तांब्यापितळेची 53 भांडी निघाली. प्रत्येकावर नाव घातलेले. कोणते मुंजीचे, कोणते डोहाळजेवणाचे, कोणते लग्नात आहेर म्हणून आलेले. चिंच लावून त्यांना उजळविणारे हात थकल्यापासून ती काळवंडून पडली होती. सुनांच्या सदनिकांत त्यांस जागा नव्हती. बहुतेक भांडी मोडीच्या भावाने गेली. मोडीच्या काट्यावर घडणावळीची किंमत शून्य. आणि तो काटा पाहणे कासाराच्या मुलास किती जड जाते, हे येथे कोणास सांगावयास नको.

परंतु खरे नवल पुढेच आहे. अखेरच्या दोन वर्षांत मातोश्रींनी त्या 53 भांड्यांपैकी एकाचीही चौकशी केली नव्हती. त्या चौकशी करीत ती एका तांब्याची. शेजारच्या मुलीस तिच्या लग्नात तो त्यांनी आपल्या हाताने दिला होता. "ती अजून वापरते का रे तो?" असे त्या आम्हांस विचारीत, आणि होय म्हटले की त्यांची मुद्रा प्रसन्न होई.

यावरून सर्वस्व देऊन मोकळे व्हावे, असा अर्थ कोणी काढू नये. भांडे निराळे आणि छप्पर निराळे. वानप्रस्थाचा उपदेश पूज्य खरा, पण औषधाचा खर्च दरमहा येतो! राहते घर आणि चार पैशांची ठेव सुख देत नसतील, परंतु भय हरण करतात. आणि भयाखाली वावरणाऱ्यापुढे सुखाची गोष्ट काय बोलावी? मायेपोटी घर मुलांच्या नावे करून पुढे ओशाळवाणे जिणे जगणारे वृद्ध आम्ही पाहिले आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी 2007 साली झालेल्या कायद्याच्या 23 व्या कलमान्वये, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरणाकडून परत मागता येते. म्हणून ती अट दस्तातच स्पष्ट घालावी. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

भांड्यांविषयी मात्र आमची विनंती अशी की, ती उचलण्याचे बळ हातात असेतोवर, ज्याच्या उपयोगी पडतील त्यास आपणच द्यावीत. घेणाऱ्याचे मुख देणाऱ्यास दिसावे, एवढाच हेतू. घेणाऱ्यानेही वरचे नाव घासून काढू नये. मोडीतून वाचविलेले मातोश्रींचे एक मोठे पितळी पातेले आम्ही आज येथील स्वयंपाकघरासाठी आणले आहे. कालिकादेवीच्या उत्सवात प्रसादास ते उपयोगी पडेल. आतून कल्हई मात्र नव्याने करून घ्यावी लागेल.