टपालवाली मेरी



गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एखादी समाधी दिसली की आपण जाता-जाता हात जोडतो. कुणाची, ते बहुतेकदा ठाऊक नसतं. आज अशाच एका दगडाची गोष्ट सांगते. तो आहे पार अमेरिकेत, मोंटाना राज्यातल्या कॅस्केड नावाच्या लहानशा गावाबाहेर. दगडावर एक नाव आणि दोन सालं आहेत: मेरी फील्ड्स, १८३२, १९१४.

त्यातलं पहिलं साल अंदाजाचंच. मेरी टेनेसी राज्यात गुलाम म्हणून जन्मली. गुलामाच्या लेकराची जन्मतारीख कोण लिहून ठेवतो? १८६५ साली तिथली गुलामगिरी संपली. पुढे मेरी एका मठात कामाला लागली. तिथल्या मदर अमाडेयस मोंटानात शाळा काढायला गेल्या आणि फार आजारी पडल्या. ते कळल्यावर १८८५ साली मेरी त्यांच्या सेवेला तिकडे पोचली. धुणं, कोंबड्या, भाजीपाला, गाडीतून सामान आणणं, सगळं तिनं केलं. अंगानं धिप्पाड, तोंडानं फटकळ. एका गड्याशी भांडण झालं, ते बंदुका रोखण्यापर्यंत गेलं, आणि बिशपनं तिला मिशनमधून जायला सांगितलं.

साठीची बाई, ना घर ना नवरा. तिनं गावात खानावळ काढली. पण समोर भुकेला माणूस आला की ती पैसे विचारायची नाही, असं सांगतात. खानावळ बुडाली. (आपल्यातल्या काहीजणींना हे चांगलंच ठाऊक आहे!)

मग १८९५ साली तिला टपालाचं कंत्राट मिळालं. ही सरकारी नोकरी नव्हे बरं का. अमेरिकेचं टपाल खातं लांबच्या, अडचणीच्या रस्त्यांसाठी खासगी माणसांना चार-चार वर्षांचा ठेका द्यायचं. घोडे आपले, गाडी आपली, आणि मोडतोड झाली तर तीही आपलीच. असा ठेका मिळवणारी मेरी ही पहिली काळी स्त्री.

कॅस्केड ते मिशन, सुमारे पंचवीस किलोमीटरची वाट. जिथून तिला घालवून दिलं होतं, तिथलीच पत्रं आता ती पोचवत होती! हिवाळ्यात तिकडे बर्फ इतका पडतो की घोडे चालेनात. मग ती बर्फात चालायचे रुंद जोडे पायांत बांधायची, थैली खांद्यावर टाकायची आणि पायी निघायची. चार वर्षांनी ठेका पुन्हा तिलाच मिळाला. १९०३ पर्यंत, म्हणजे सत्तरी गाठेपर्यंत, हे काम तिनं केलं. लोक तिला ‘स्टेजकोच मेरी’ म्हणू लागले. स्टेजकोच म्हणजे प्रवासी आणि टपाल नेणारी घोडागाडी.

नंतर ती गावात धुणं घ्यायची. बागेतली फुलं गावच्या बेसबॉल संघाच्या पोरांना द्यायची. आणि ऐका, जन्मतारीख नसलेल्या या बाईच्या वाढदिवसाला गावची शाळा बंद ठेवत. म्हणजे तारीख धरली कुठली, तर ती म्हणेल ती.

१९१४ च्या नोव्हेंबरात मोंटानाच्या बायकांना मताचा हक्क मिळाला. मेरी डिसेंबरात गेली. गावानं तिला पुरलं ते डोंगराच्या पायथ्याशी, मिशनकडे जाणाऱ्या त्याच रस्त्याजवळ.