आपण कोण, हे कागदावर कोण लिहिणार?

(पुनर्वसित गावांच्या वनहक्क बैठकीतलं भाषण. बोललो तसंच, थोडं नीट करून देत आहोत.)

 

दाव्याचा फॉर्म कसा भरायचा ते सांगायला आम्हाला उभं केलं आहे. ते सांगूच. पण मागच्या दोनतीन बैठकांत आमच्या वयाची पोरं फॉर्म हातात घेतात आणि भलताच प्रश्न विचारतात. "आपण आता जंगलात राह्यत नाई, लहान पोराइले कोरकू येत नाई, शेत तं गेलंच. मंग आपण आदिवासी कायचे?" काही जण हसून विचारतात. आम्हाला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. आपण कोण याचीच ज्याला शंका, तो समितीपुढं उभा राहून दावा काय सांगणार? समोरचा एक उलटा प्रश्न टाकतो आणि आपला माणूस खाली जमिनीकडं पाहत बसतो. म्हणून फॉर्मच्या आधी हे.

फॉर्मच्या पहिल्याच ओळीत नाव आहे. तिथूनच घोळ सुरू होतो. आपली आडनावं पाहा: कासदेकर, बेठेकर, जांबेकर. मराठीत नावामागं 'कर' लागला की ऐकणाऱ्याला वाटतं हा अमुक गावचा. जांबेकर म्हणजे जांबे गावचा असेल. पण म्हाताऱ्यांना विचारा, ते सांगतात की जांबू हे आपलं कूळ आहे, जांभळाच्या झाडाचं. कासदा कूळ, बेठे कूळ. शाळेत नाव घालताना, तलाठ्याच्या दप्तरात नाव चढवताना मागं 'कर' चिकटला आणि कुळाचं गाव झालं. सातपुड्याच्या पलीकडं मध्य प्रदेशात आपलेच सोयरे कासदे, बेठे एवढंच लिहितात. त्यात पुन्हा एका भावाच्या आधार कार्डावर 'कास्देकर' आणि दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर 'कासदेकर'. मग कार्यालयात विचारतात, हे दोघं भाऊ कशावरून? जातीच्या दाखल्यासाठी, पुढं पडताळणीसाठी पोरं वर्ष वर्ष फिरतात. अशा फेऱ्या मारून मारून माणसाला स्वतःलाच वाटायला लागतं की आपल्यातच काही खोट आहे. खोट लिहिणाऱ्याच्या हातात होती.

आणि नुसतं आडनाव नाही. आपल्याला दर पिढीला कोणी तरी नवीन नाव दिलं आहे. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडचा कारभार घेतला. पुढं १८६५, १८७८ आणि १९२७ असे तीन जंगल कायदे आले. जंगल 'राखीव' झालं. आपला आजा-पणजा होता तिथंच बसला होता, तोच मोहा वेचत होता, तीच कोदो-कुटकी पेरत होता, पण सरकारच्या कागदावर तो अतिक्रमणवाला झाला. त्यानं जागा बदलली नाही, त्याच्याभोवतीची रेघ बदलली. १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला. देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यातला आपला एक. तेव्हापासून आपण वाघाच्या वाटेतली माणसं. १९९३ मध्ये पोरं मेली, पेपरात रोज बातम्या आल्या, आणि मेळघाट म्हणजे कुपोषण असं पुण्यामुंबईला पाठ झालं. आजही पाहुणा आला की तो पोराच्या दंडाकडं आधी पाहतो, तोंडाकडं मागून. मग आपण लाभार्थी झालो. मग पुनर्वसित. पॅकेजच्या यादीत तर घराला 'युनिट' म्हणतात. कुटुंबामागं दहा लाखांच्या त्या योजनेत अठरा वर्षं पूर्ण झालेला पोरगा वेगळं कुटुंब धरला गेला. कटऑफच्या दिवशी ज्याला सतरा वर्षं अकरा महिने होते तो बापाच्या युनिटात. आज तो पंचविशीत आहे, त्याला ना वरची जमीन ना खालचा पैसा. आणि तोच आम्हाला विचारतो की आपण कायचे आदिवासी. बरोबर विचारतो.

आता खालची गोष्ट बोलू, कारण बैठक इथं आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावं २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत उठली. त्यानंतर अमोना, बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट, सोमठाणा, केलपाणी, नागरतास. अमरावती जिल्ह्यातून अकोला जिल्ह्यात. नकाशावर पाहिलं तर फार लांब नाही, वरच्या टेकडीवरून रात्री अकोटचे दिवे दिसतात. पण घाट उतरताना काय काय मागं राहिलं ते कोणी सांगितलं नव्हतं. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके पाचव्या अनुसूचीत आहेत, अनुसूचित क्षेत्र आहेत. तिथं पेसा कायदा लागतो, तिथं ग्रामसभेला विचारल्याशिवाय गौण वनोपजाचं, जमिनीचं काही करता येत नाही, निदान कायदा तरी तसं म्हणतो. अकोला जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्र नाही. म्हणजे तीच बाई, तोच तिचा जातीचा दाखला, पण घाटाच्या पायथ्याशी आली आणि तिच्या ग्रामसभेचा जोर अर्धा झाला. वर काही विचारायला गेलं की म्हणतात, तुम्ही आता अकोल्याचे. अकोल्यात गेलं की म्हणतात, तुमची फाईल अमरावतीला.

आधी आपण खाली यायचो ते हरभरा सोंगायला, कापूस वेचायला. काम झालं की पोतं डोक्यावर घेऊन वर. तेव्हा पऱ्हाटीच्या वावरात आपल्याला कोणी 'कोरकू' म्हटलं तर राग यायचा नाही, कारण आठ दिवसांनी आपण घरी जाणार होतो. आता घरच इथं आहे. आता बसमध्ये पोरगी आईला म्हणते, हळू बोल. बाजारात आपसात हिंदीत, वऱ्हाडीत बोलतात. वऱ्हाडी गोडच भाषा आहे, आम्हीही तीच बोलतो आहोत आत्ता. पण आईशी बोलायला लाज वाटावी ही गोष्ट वेगळी.

जानेवारी २०१९ मध्ये इथली माणसं बायकापोरांसह परत वर गेली. केलपाणी, गुल्लरघाटकडं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. गावकरीही जखमी झाले, वन कर्मचारीही जखमी झाले. त्यावर कोणाचं चुकलं याची चर्चा आज करायची नाही, त्यात आजची बैठक संपेल. एवढंच पाहा, की मिळालेल्या पैशातून घर बांधून झालेली माणसंसुद्धा जुन्या गावाच्या पडक्या जोत्यापाशी जाऊन बसली. पेपरवाल्यांनी विचारलं की यांना नेमकं काय पाहिजे. उत्तरात जमीन आली, पाणी आलं, दवाखाना आला, सगळं खरं. पण म्हातारी माणसं सांगत होती की आपले मुंडे तिथं आहेत.

मुंड्यावर जरा थांबतो. आपल्यात माणूस गेला की पुढं सवडीनं सिडोली होते, आणि सागाच्या लाकडावर चंद्र, सूर्य, घोडेस्वार कोरून गावाबाहेर झाडाखाली मुंडा उभा करतात. शहरातले लोक त्याचे फोटो काढतात, म्हणतात काय सुंदर कला! कला असेल. पण वनहक्क कायद्याचे जे नियम आहेत, त्यातला तेरावा नियम वाचा. दाव्याला पुरावा काय काय चालतो त्याची यादी आहे. सरकारी कागद तर चालतातच. पण त्याच यादीत घर, झोपडी, बांधबंदिस्ती आहे, जुनी विहीर आहे, स्मशान आहे, देवस्थान आहे, वंशावळ आहे. आणि दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं जबाब म्हणूनही आहे. २०१२ मध्ये नियमात बदल झाला, त्यात असंही आलं की अमुकच कागद आणा असा हट्ट धरून वरच्या समित्यांनी दावा फेटाळू नये. उपग्रहाचा नकाशा जोडपुरावा म्हणून आहे, बाकीच्या पुराव्याच्या जागी नाही.

म्हणजे काय? दीडशे वर्षांत पहिल्यांदा कायदा असं म्हणतो आहे की तुम्ही कोण ते तुमचं गाव सांगेल. भूमका सांगेल मुठवा देव कुठं बसवला. आजी सांगेल कोणत्या विहिरीचं पाणी आटत नव्हतं. आपण ज्याला मागासलेपणा समजून पोरांपासून लपवत होतो, तो पुराव्याच्या यादीत आहे. आता ही यादी हातात असताना आपणच म्हणावं की आम्ही आदिवासी कायचे, हे आम्हाला पटत नाही.

भाषेचंही तसंच. 'कोरकू' हे नाव दुसऱ्यानं दिलेलं नाही. कोरो म्हणजे माणूस, मागं 'कू' लावला की झाली माणसं. बस एवढाच अर्थ. आणि ही भाषा मराठीची बिघडलेली बोली नाही, हिंदीचीही नाही. तिच्या बहिणी आहेत झारखंडात, संथाली, मुंडारी, हो. आपण पाण्याला डा म्हणतो, मुंडारीतही दा. आपला कूला म्हणजे वाघ, तो तिकडंही कुला. एवढ्या लांब, मधे कितीतरी भाषांचा मुलूख, आणि वाघाचं नाव एक. संथाली २००३ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. कोरकू बोलणारे २०११ च्या जनगणनेत सात लाखांच्या वर होते, आपली भाषा अजून बाहेर आहे. मुंडारीवाल्यांतलेच जयपालसिंह मुंडा घटना समितीत होते. (हॉकीवाल्या पोरांनो, १९२८ च्या ऑलिम्पिकला भारताचे कप्तान तेच.) १९४६ च्या डिसेंबरात भल्या भल्या वकिलांपुढं उभं राहून त्यांनी स्वतःला जंगली म्हणवून घेतलं, अभिमानानं. आदिवासी हाच शब्द राहू द्या यासाठीही ते भांडले. इथं आपल्याला कोणी जंगली म्हटलं की आपण गाव सोडून पळतो.

आता एक कडू गोष्ट. दुसऱ्यांनी आपल्याला नाव ठेवलं म्हणून आपण एवढं बोलतो, आणि आपल्याच गावांत निहाल कुठं बसतो? सरकारी यादीत कोरकू, बोपची, मवासी, निहाल सगळे एकाच ओळीत आहेत. लग्नाच्या पंगतीत ती ओळ मोडते. पलीकडं बुलडाण्याकडं, जळगाव जामोदच्या बाजूला निहालांची स्वतःची भाषा अजून काही घरांत आहे. ती ना आपल्यासारखी, ना मराठीसारखी; जगातल्या कोणत्याच भाषेशी तिचं नातं जुळत नाही असं अभ्यासक म्हणतात. मग जुनं कोण आणि खरं कोण याची शर्यत लावली तर आपणही मागं पडू. म्हणून ती शर्यत नको. जबाब घेताना निहालाच्या घरी आधी जायचं, असं आमचं म्हणणं आहे. नाराज होणारे होऊ द्या.

गवळी आणि बलाई भावांबद्दलही. कायदा त्यांना इतर पारंपरिक वननिवासी म्हणतो आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे पंच्याहत्तर वर्षं, जंगलात राहत असल्याचं सिद्ध करायला सांगतो. आपल्याला ती पंच्याहत्तर वर्षांची अट नाही. पण त्यांचा गोठा कुठं होता हे आपल्याच म्हाताऱ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यासाठी साक्ष द्यायला जावं लागेल.

आता काम. प्रत्येक जुन्या गावाचं आधी एक पान करा: गाव कधी उठलं, कोणत्या वर्षी, तेव्हा हक्कांचे दावे तपासून झाले होते का, ग्रामसभेची लेखी संमती होती का, त्या सभेला कोण हजर होतं. हे का, तर कायद्याच्या चौथ्या कलमात लिहिलं आहे की हक्क तपासून मान्य होईपर्यंत कोणाला हटवायचं नाही. आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधी ज्यांना बेकायदा हटवलं, पुनर्वसन दिलं नाही, त्यांच्यासाठी तिसऱ्या कलमात वेगळी तरतूद आहे. कोणत्या गावाला कोणतं लागतं ते तारीख पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. घाईनं सगळ्यांचा एकच दावा टाकला तर सगळ्यांचा एकदम पडेल.

दुसरं, जबाब. सत्तरीच्या पुढचे जेवढे आहेत त्यांची यादी आजच करा. मागच्या पावसाळ्यापासून या वस्त्यांवरचे किती म्हातारे गेले ते मोजा म्हणजे घाई कशाची ते कळेल. ते कोरकूत बोलतील, कोरकूतच बोलू द्या. एका पोरानं फोनवर आवाज भरायचा, दुसऱ्यानं मराठीत लिहायचं, वाचून दाखवायचं, मग अंगठा. मराठी येत नाही म्हणून म्हातारीला गप्प बसवायचं नाही. जो पोरगा म्हणतो की त्याला कोरकू येत नाही, त्यालाच आजीजवळ बसवा. एका जबाबात त्याची निम्मी भाषा परत येईल.

तिसरं, कूळ. वंशावळीत आडनावाच्या पुढं कंसात कूळ लिहा. कासदेकर (कासदा). स्पेलिंग काहीही असो, कूळ एक निघालं तर भाऊ भाऊ आहेत हे गावाला सांगता येतं.

मुंड्यांची मोजणी बाकी आहे. त्यासाठी वर जावं लागेल, आणि वर जायला परवानगी लागेल. अर्ज लिहून ठेवला आहे, त्यावर गावागावाच्या सह्या पाहिजेत. ज्यांना आपल्या घराचा मुंडा कोणत्या झाडाखाली होता हे आठवतं, त्यांनी आज उठायच्या आधी त्या कोपऱ्यातल्या वहीत नाव घाला. झाडाचंही नाव घाला.